ईएमडीआर म्हणजे डोळ्यांच्या हालचालींची थेरपी: आईसाठी विचारते आहे, बडोद्यात कुणाला अनुभव?

शलाका_अकोटा
नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमचं घर बुडालं, हे इथल्या काही जणांना माहीत आहे. तळमजला. त्या रात्री आई घरात एकटी होती आणि लाईट गेलेली. पाणी आधी मोरीतून उलटं आलं, मग दारातून. शेजारच्या मुलांनी खिडकीतून वर ओढून घेईपर्यंत ती अंधारात ओट्यावर चढून उभी होती.

नंतर घर पुन्हा लागलं, रंग झाला, फ्रीज नवा आला. आई मात्र त्या रात्रीतच अडकली आहे. ढग दाटून आले की उंबऱ्याला जुन्या चादरी लावून ठेवते. रात्री उठून मोरीची जाळी तपासते. चिखलाचा वास आला की तिचे हात गार पडतात. पावसाळ्यात मामांच्या घरी वरच्या मजल्यावर नेलं, तिथेही तेच.

मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहणारा आघाताचा आजार, सांगितलं. गोळ्यांनी झोप बरीच सुधारली. आता ते ईएमडीआर करून बघा म्हणतात. मला पडलेले प्रश्न असे:
हे संमोहन आहे का? आईला ती रात्र पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागेल का? एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि बीपीची गोळी चालू आहे, मग चालेल का? आणि मराठीतून करणारं कुणी बडोद्यात आहे का? बाहेर ती गुजराती बोलते, पण घाबरली की मराठीच येते तोंडात.

मावशी म्हणते, "डोळे फिरवून कुठे भीती जाते?" तिला काय उत्तर देऊ ते मला कळत नाही.

रावपुरा_७१
आईंना माझा नमस्कार सांग. आमच्या गल्लीतही अशा दोन-तीन बायका आहेत. कुणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत. तू विचारलंस हे फार चांगलं केलंस.

माधुरी_निझामपुरा
मावशीला म्हणावं, आमच्या आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून अख्ख्या वाड्याची नजर काढली होती, तेव्हा डोळ्यांचे उपचार आपल्याकडे जुनेच आहेत 😊

थट्टा सोड. माझ्या भाच्याने केलंय हे, पुण्यात. त्याला फायदा झाला. तो इथे येतो कधीकधी, त्याला धागा पाठवते.

निशिकांत_
माधुरीमावशीने पाठवलं म्हणून लिहितोय. एरवी या विषयावर मी बोलत नाही.

एक्सप्रेस हायवेवर अपघात झाला, गाडी मी चालवत होतो. शेजारी बसलेला मित्र वाचला, पण पायाने कायमचा अधू झाला. त्यानंतर ट्रकच्या एअर ब्रेकचा तो फुस्स आवाज ऐकला की मी फुटपाथवरच खाली बसायचो. दाराशी कुरिअरवाला आला आणि मी पलंगाखाली, असंही झालंय.

शलाका, संमोहन अजिबात नाही. मी पूर्ण जागा होतो, मध्येच पाणी मागत होतो, एकदा तर भांडलोही. पहिल्या काही भेटींत डोळ्यांचं काहीच नव्हतं. नुसती माहिती विचारली. मग मनातली एक सुरक्षित जागा ठरवायला सांगितली, मी कमाटीबागेतला बँडस्टँड निवडला. आणि हात वर केला की थांबायचं, ही खूण ठरली.

प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा सगळ्यात वाईट क्षणाचं एक चित्र निवडायला सांगितलं. त्या चित्राबरोबर स्वतःबद्दल कोणतं वाक्य येतं? माझं होतं, "चूक माझी आहे." त्याऐवजी काय खरं वाटायला हवंय? "मला जे करता आलं ते मी केलं." ते आत्ता किती खरं वाटतं, १ ते ७ मध्ये. त्रास किती होतोय, ० ते १० मध्ये. शरीरात कुठे जाणवतोय. मग थेरपी देणाऱ्या बाईंची दोन बोटं डावीकडून उजवीकडे, मी नुसत्या डोळ्यांनी त्यांच्या मागे. अर्धा-एक मिनिट. थांबायचं, श्वास घ्यायचा, "आता काय आलं?" मी एखादं वाक्य सांगायचो. "ठीक, तिथूनच पुढे जाऊ." परत बोटं.

जे यायचं ते मला कधी अपेक्षित नसायचं. अपघातातून एकदम शाळेत, तिथून आजोबांच्या आजारपणात, तिथून परत गाडीत. अशाच एका फेरीत अपघातानंतरचे क्षण आठवले. मी मित्राचा पट्टा सोडवत होतो, त्याच्याशी बोलत होतो. हे माझ्या डोक्यातून पूर्ण पुसलं गेलं होतं. पुढे कितीतरी दिवस मी तेवढंच धरून होतो.

आठवण गेलेली नाही. आजही सगळं आठवतं. पण तेव्हा ते आत्ता घडतंय असं वाटायचं, आता ते घडून गेलंय असं वाटतं. ट्रकच्या आवाजाने दचकतो, पण खाली बसत नाही. भेट झाली की त्या रात्री विचित्र स्वप्नं पडायची आणि दुसऱ्या दिवशी अंग गळून जायचं, एवढं आईंच्या बाबतीत धरून चाला.

पुरावा_दाखवा
निशिकांत, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे. तरी दुसरी बाजू लिहितो, कारण इथे घरातल्या माणसाचा प्रश्न आहे.

या पद्धतीचा जन्म कसा झाला ते बघा. १९८७ मध्ये फ्रॅन्सीन शापिरो या अमेरिकन बाई बागेत फिरत असताना त्यांना जाणवलं की डोळे इकडून तिकडे हलले तसे त्रासदायक विचार बोथट झाले. त्यावरून त्यांनी पद्धत बांधली आणि १९८९ मध्ये पहिला अभ्यास छापला. पुढे २००१ मध्ये डेव्हिडसन आणि पार्कर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की उपचाराने फायदा होतो, पण डोळे हलवल्याने त्यात वेगळी भर पडताना दिसत नाही. टीकाकार जांभळ्या टोपीचं उदाहरण देतात. भीतीला सामोरं जायला लावणारी जुनी, सिद्ध पद्धत घ्या, रुग्णाच्या डोक्यावर जांभळी टोपी घाला आणि बरं वाटल्यावर श्रेय टोपीला द्या.

माझं म्हणणं एवढंच की आघातावर काम करणारी सीबीटी आहे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी; एडना फोआ यांची प्रोलाँग्ड एक्स्पोजर आहे, म्हणजे भीतीला हळूहळू सामोरं जायला लावणारी. त्यांच्यामागे भक्कम संशोधन आहे. डोळ्यांच्या जादूमागे कशाला जायचं?

वीणा_समुपदेशक
मी याच क्षेत्रात काम करते, बडोद्याबाहेर. 'पुरावा_दाखवा' यांनी लिहिलेला इतिहास बरोबर आहे, पण तो २००१ ला थांबत नाही. २०१३ मध्ये ली आणि कुइपर्स यांनी पुन्हा अभ्यास एकत्र केले, तेव्हा डोळ्यांच्या हालचालींचा स्वतंत्र फायदा दिसला, मध्यम स्वरूपाचा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये युद्धाशी संबंध नसलेल्या आघातांसाठी प्रौढांना ही पद्धत सुचवली आहे, साधारण ८ ते १२ भेटी धरून. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची २०१७ ची शिफारस मात्र सौम्य आहे, "सशर्त" या वर्गातली. म्हणजे उपचार चालतो याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. तो कशामुळे चालतो यावर आहे.

सध्या सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण कार्यस्मृतीचं आहे. एका वेळी मनात धरता येईल एवढी जागा मर्यादित असते. भयंकर चित्र धरायचं आणि त्याच वेळी हलणाऱ्या बोटांचा पाठलाग करायचा, दोन्ही पुरेपूर जमत नाही. चित्र फिकं पडतं आणि पुन्हा साठवलं जातं ते थोडं फिकं होऊनच. उत्रेख्त विद्यापीठात मार्सेल व्हान डेन हाउट यांच्या गटाने यावर बरेच प्रयोग केले. उलटे आकडे मोजण्यासारख्या इतर कामांनीही आठवण बोथट होते असं त्यांत दिसलं. कानात आलटून पालटून वाजणारे टीप-टीप आवाज मात्र डोळ्यांच्या हालचालींपेक्षा कमी पडले. डोळ्यांत जादू नाही हे खरं. पण टोपी नुसती डोक्यावर बसते, आणि हे काम मनाला गुंतवून ठेवतं, म्हणून ते उदाहरण मला पटत नाही.

शलाका, तुझे प्रश्न. संमोहन नाही. सगळी हकिगत सांगावी लागत नाही. ज्यांना बोलवत नाही त्यांच्यासाठी हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, आणि घरी करायचा अभ्यासही फारसा नसतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. डोळे दुखले किंवा ताण आला तर तळहातांवर वा गुडघ्यांवर आलटून पालटून हलक्या थापट्या मारूनही काम करता येतं. बीपी, हृदयाचा त्रास, फिट येण्याचा इतिहास, हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

एकूण आठ टप्पे असतात: माहिती, तयारी, आठवणीची नेमकी निवड, हालचालींचं मुख्य काम, नवं वाक्य रुजवणं, डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासणं, शांत करून घरी पाठवणं आणि पुढच्या भेटीत मागचं तपासणं. निशिकांत यांच्या लिहिण्यात बहुतेक सगळे आलेच. यातलं दुसरं, म्हणजे तयारी, जो गाळतो त्याच्याकडे जाऊ नका.

अनामिक_सदस्य
वीणाताईंच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिते आहे.

माझा त्रास लहानपणीचा, घरातलाच, आणि वर्षानुवर्षांचा. एका माणसाने पहिल्याच भेटीत दिव्यांची पट्टी समोर ठेवली आणि "आठव" म्हणाला. मी सुन्न झाले. समोर टेबल आहे, मी खुर्चीत आहे, हेही कळेना. घरी कशी आले ते आठवत नाही. पुढे कितीतरी महिने मी कुणाकडेच गेले नाही.

नंतर दुसऱ्या बाई मिळाल्या. त्यांनी खूप दिवस फक्त पाय जमिनीवर टेकवायला शिकवलं. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं, गार पाण्याचा पेला हातात धरणं, "आज कोणता वार आहे?" हे पक्कं झाल्यावर आठवणींना हात घातला, तोही सगळ्यात छोट्या आठवणीपासून. मला आठ-बारा भेटी पुरल्या नाहीत, कितीतरी जास्त लागल्या. एका रात्रीचा आघात आणि अख्ख्या बालपणाचा आघात, दोन्हींना एकच मोजमाप लावू नका. कुणी "तीन भेटींत मोकळे व्हा" अशी जाहिरात करत असेल तर सावध राहा.

रावपुरा_७१
अनामिक, वाचून जीव कळवळला. लिहिलंत त्याबद्दल आभार.

जुना_बडोदेकर
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. या गावाने १९२७ ची रेल बघितली आहे. माझे आजोबा त्या पुराच्या गोष्टी सांगायचे. तेव्हा कुठे थेरपी होती? माणसं चिखल काढायची आणि दुकान उघडायची. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात आभाळ कोसळलं, तेही आम्ही काढलं. विश्वामित्री नदी आहे, ती येणारच. काळ हेच औषध. घरात माणसं असावीत, भजन असावं, आईला एकटं ठेवू नये.

माधुरी_निझामपुरा
काका, आजोबा दुकान उघडायचे हे खरं. रात्री झोपायचे का, ते आजीला कुणी विचारलं होतं का?

जुना_बडोदेकर
माधुरी, खरं सांगू? आजोबांची खाट शेवटपर्यंत माडीवर होती. उन्हाळ्यात वर भट्टी व्हायची तरी ते खाली झोपले नाहीत. आम्ही त्याला हट्ट म्हणायचो.

तरी माणसांच्या सोबतीबद्दल म्हणालो ते सोडणार नाही.

वीणा_समुपदेशक
काका, ते सोडूही नका. आघातानंतर जवळची माणसं पाठीशी असणं ही फार मोठी गोष्ट आहे, संशोधनही तेच सांगतं. आणि काळाने बऱ्याच जणांचं बरं होतं, हेही खरंच आहे. म्हणून तर पूर ओसरल्याबरोबर प्रत्येकाला बसवून "काय झालं ते सगळं सांगा" म्हणू नये, असं आता मानतात. नाइसने सगळं बोलून घेणाऱ्या तशा बैठका न घेण्याचा सल्ला दिला आहे. पण काही महिने उलटूनही माणूस त्याच रात्रीत असेल, तर आणखी वाट बघण्यात त्याचा जीव जातो. शलाकाच्या आई तिथे आहेत.

सुसर_मित्र
अवांतर: त्या पुरात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर आली होती. वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक येऊन घेऊन गेले. माझा सात वर्षांचा मुलगा अजून बेसमेंटच्या जिन्यावर पाय ठेवत नाही. मुलांनाही हे देतात का?

मुजमहुड्याची_मुक्ता
अवांतर कसलं दादा, मुद्द्याचंच आहे. आमच्याकडे मगर नव्हती पण फोटो इतके फिरले की पोरं डबक्यातही मगर शोधत होती.

वीणा_समुपदेशक
देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मुलंही आहेत. लहान मुलांसोबत चित्रं काढून आणि थापट्या देऊन काम करतात. १९९७ मध्ये मेक्सिकोत पॉलिन नावाचं चक्रीवादळ आलं. तिथल्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्तिगास आणि इग्नासिओ हारेरो यांनी 'फुलपाखराची मिठी' वापरात आणली: हात छातीवर आडवे घ्यायचे आणि आलटून पालटून खांद्याखाली हलकेच थोपटायचं. पण आधी मुलाला नीट दाखवा. जिन्याची भीती म्हणजे पीटीएसडीच असं नाही, कदाचित बाबांचा हात धरून रोज एक पायरी उतरणं पुरेल.

आपल्या गुजरातशी या पद्धतीचा जुना संबंध आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर मदतीसाठी आलेल्या परदेशी प्रशिक्षकांनी इथल्या लोकांना ती शिकवली होती.

पुरावा_दाखवा
वीणाताई, २०१३ चा अभ्यास वाचला. मध्यम परिणाम दिसतो, मान्य. तुलनेतले अभ्यास लहान आहेत हा माझा आक्षेप मात्र कायम. असो, शलाकाच्या आईंसाठी त्याने फरक पडत नाही. डोळ्यांमुळे असो की सामोरं जाण्यामुळे, शिकलेल्या माणसाच्या हातून झालं तर करावं.

आणि ते शिकलेलं माणूस ओळखायचं कसं, हे कुणीतरी स्पष्ट लिहा. यूट्यूबवर हलणारे ठिपके दाखवून "घरबसल्या आघातमुक्ती" विकणारे ढिगाने आहेत.

वीणा_समुपदेशक
ठिपक्यांच्या व्हिडिओसमोर एकट्याने बसून मोठ्या आघाताची आठवण काढू नये. वर काढलेली आठवण मिटवून ठेवायला समोर कुणी नसतं, धोका त्यातच आहे.

तपासायचं असं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे आणि किती झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारा. ईएमडीआर इंडिया ही भारतातली संघटना आहे, त्यांच्याकडेही चौकशी करता येते. असं विचारल्यावर रागावणाऱ्याकडे जाऊ नका. सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयातही विचारून बघा, ही थेरपी तिथे नसली तरी कुठे मिळेल ते सांगू शकतील. आणि रात्री-बेरात्री आई फारच घाबरल्या तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर जवळ ठेवा. चोवीस तास चालतो, मराठी-गुजरातीतही बोलतात.

शलाका_अकोटा
सगळ्यांचे मनापासून आभार. निशिकांतदादा, तुमचं मी आईला वाचून दाखवलं. "पट्टा सोडवत होता" इथे ती रडली. पूर आल्यापासून ती माझ्यासमोर रडलीच नव्हती.

मराठी बोलणारं कुणी अजून मिळालेलं नाही. ज्या बाई मिळाल्यात त्या गुजराती आहेत. याने अडेल का?

मुजमहुड्याची_मुक्ता
शलाका, माझ्या सासूबाईंच्या वेळी हीच काळजी होती. आमच्या बाईही गुजरातीच. त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "बा, तमे मराठीमां विचारजो, मने थोडुंक ज कहेजो." म्हणजे मनात सगळं मराठीत चालू दे, मला थोडंच सांगा. निवडलेलं वाक्यसुद्धा सासूबाईंनी मराठीतच ठेवलं, आणि बाईंनी ते गुजराती लिपीत लिहून घेतलं. फेऱ्यांच्या मध्ये फार बोलायचंच नसतं, त्यामुळे अडलं नाही. सुरुवातीची माहिती देताना मात्र मी शेजारी बसले होते. नंतर सासूबाईंनीच मला बाहेर बसायला सांगितलं. सुनेसमोर काही गोष्टी मनात तरी कशा याव्यात!

निशिकांत_
हे महत्त्वाचं आहे. घरच्यांनी बाहेर बसावं. आणि घरी आल्यावर "आज काय झालं?" म्हणून मागे लागू नये.

शलाका_अकोटा
बऱ्याच दिवसांनी धागा वर काढते आहे. आई जायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. अजून मुख्य काम सुरू झालेलं नाही, तयारीच चालली आहे. बाईंनी प्रशिक्षणाबद्दल विचारलेलं सगळं शांतपणे सांगितलं, सर्टिफिकेटही दाखवलं. सुरक्षित जागा म्हणून आईने दांडिया बाजारातल्या माहेरचं देवघर निवडलंय. ते घर आता नाही, पण बाई म्हणाल्या चालेल.

मावशी एकदा सोबत गेली होती. आता म्हणते, "डोळ्यांचं मला कळत नाही, पण ती बाई ऐकून घेते." तेवढ्यावर ती गप्प आहे.

चादरी अजून उंबऱ्याला लागतातच. त्या काढायला सांगू का आम्ही?

वीणा_समुपदेशक
नको, तुम्ही सांगू नका. चादरी हा तिचा सध्याचा आधार आहे. बाईंना त्याबद्दल जरूर कळवा, कधी आणि किती लावते तेही. काम पुढे गेलं की ती स्वतः एखाद्या सरीला विसरेल. विसरली तर तेव्हाही टाळ्या वाजवू नका.

जुना_बडोदेकर
शलाका, मुख्य भेटीच्या दिवशी तिला रिक्षाने एकटी येऊ देऊ नकोस. दांडिया बाजारातून माझी गाडी निघते, मी आणून सोडीन. गाडीत काही विचारणार नाही. व्यक्तिगत निरोपात वेळ कळव.